साडेपाचशे वॅटचा हिशेब

आमच्या घरात ‘वॅट’ हा शब्द दोनच ठिकाणी ऐकू यायचा. एक बल्ब, दुसरा गिझर. दोन्हीकडे नियम एकच : आकडा मोठा, तर बिल मोठं. त्यामुळे धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरच्या कोटेशनमध्ये ‘एसएमपीएस ५५० वॅट’ ही ओळ आईनं वाचली, तेव्हा तिची शंका रास्तच होती. “दिवसभर चालणार ना हे? मग हीटरच आणला म्हणायचा घरात.”

पैसे तिचे होते, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं होतं. सत्तर हजारांतले चाळीस तिच्या भिशीचे, उरलेले अण्णांच्या गिरणीतले. भाऊ दोन वर्षं एका स्टुडिओसाठी लग्नाचे व्हिडिओ एडिट करत होता, पण त्यांच्या मशीनवर, त्यांची मशीन रिकामी असेल तेव्हा. स्वतःचा कॉम्प्युटर असेल तर काम घरी देऊ, असं त्यांनी सांगितलं होतं. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. दिवाळी तोंडावर आली होती. आणि घरात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेली मी एकटीच, म्हणून कोटेशन माझ्याकडे आलं.

आईला मी सांगितलं, तेच आधी तुम्हालाही सांगते. एसएमपीएसवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती वीज देऊ शकतो, ती मर्यादा. किती वीज जळणार, हे आत बसलेले पार्ट ठरवतात. वीस किलोचा डबा घेतला म्हणून घरात वीस किलो तांदूळ शिजत नाही. भावाचं मशीन एडिटिंग करताना भिंतीतून साधारण दोनशे वॅट घेईल असं धरलं, तर पाच तासांचं एक युनिट होतं. आपला दोन हजार वॅटचा गिझर तेवढंच युनिट अर्ध्या तासात संपवतो. आई म्हणाली, “मग आंघोळी आटपत्या घ्या सगळे.” तिच्याकडून विषय संपला.

दुकानदाराकडून संपला नव्हता. त्याचं म्हणणं होतं, “ताई, कॅबिनेटसोबत साडेचारशेचा एसएमपीएस फ्री येतोय. उगाच चार हजार कशाला घालवता? काही होत नाही.” भावाचे कान टवकारले. चार हजार वाचले तर काचेचं, लाइटवालं कॅबिनेट येत होतं.

मी बेरीज मांडली. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय ५-१२४००. त्याच्या खोक्यावर ६५ वॅट दिसतं, पण इंटेलच्याच माहितीपत्रकात टर्बोची कमाल ११७ वॅट आहे, आणि रेंडरिंग करताना तो तिकडेच धावतो. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६०, ते ११५ वॅटचं. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास-साठ धरा. एकूण २९० च्या आसपास. भाऊ लगेच म्हणाला, “मग साडेचारशे पुरतात की!”

आकडा पुरतो. पण तो आकडा कुठून आला, हे पाहायचं असतं. मी दुकानदाराला त्या फुकटच्या एसएमपीएसच्या बाजूचं स्टिकर दाखवायला सांगितलं. तिथे एक छोटा तक्ता असतो : ३.३ व्होल्टला किती अँपिअर, ५ व्होल्टला किती, १२ व्होल्टला किती. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे आपण दहावीत शिकलेलो असतो. फार जुने प्रोसेसर ५ आणि ३.३ व्होल्टवर बरीच वीज घ्यायचे. पेंटियम ४ च्या काळापासून हा भार १२ व्होल्टकडे सरकला. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघंही मुख्यतः त्यावरच जगतात. स्टिकरवर १२ व्होल्टसमोर लिहिलं होतं १६ अँपिअर. म्हणजे १९२ वॅट. आमच्या दोन पार्टांनाच २३२ लागणार होते. खोक्यावरचे साडेचारशे ज्या वाटांनी येत होते, त्यातल्या बऱ्याच वाटा आमच्या कामाच्याच नव्हत्या.

मी निवडलेल्या ५५० वर १२ व्होल्टला ४५ अँपिअर होते, म्हणजे ५४० वॅट. जवळपास सगळी ताकद जिथं हवी तिथं.

अण्णा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “२९० लागतात तर ५५० कशाला? साडेतीनशेचा चांगल्यातला बघ.” प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्याच गिरणीत होतं. त्यांची मोटर साडेसात एचपीची, म्हणजे साधारण साडेपाच हजार वॅटची. पण सुरू होताना अशी मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढू शकते. म्हणून तर स्टार-डेल्टा स्टार्टर बसवलाय, आणि म्हणूनच ते दगड फिरायला लागल्यावरच दाणे सोडतात. मी म्हटलं, “अण्णा, ग्राफिक्स कार्ड पण असंच करतं. सरासरी ११५, पण मधेच काही मिलिसेकंद त्याच्या बरंच वर उडी मारतं.” ही उडी झेपली नाही तर एसएमपीएस स्वतःला बंद करतो आणि कॉम्प्युटर रेंडरच्या मधेच विझतो. म्हणून इंटेलनं २०२२ मध्ये आणलेल्या एटीएक्स ३.० मानकात या उड्यांचा वेगळा विचार केला. एनव्हिडियासुद्धा ४०६० साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, तो असल्या सगळ्याला जागा ठेवून.

अर्ध्याच्या आसपास भार असला की एसएमपीएसची कार्यक्षमताही सहसा चांगली असते आणि पंखा शांत राहतो. ‘८० प्लस’च्या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किमान ८० टक्के पार्टांपर्यंत पोचते, ब्राँझ, गोल्ड तसतशी वरची पायरी. बाकीची उष्णता होते, आणि तिचं बिल आपण भरतो.

भाऊ दुसऱ्या टोकाला गेला. “मग ८५० च घेऊ ना, पुढं कामाला येईल.” ८५० वॅट एनव्हिडिया आरटीएक्स ४०९० साठी सुचवते, ते एकटं कार्डच ४५० वॅटचं आहे. ते आमच्या घरात येईल तेव्हा कमाईही तशी आलेली असेल, तेव्हा तो स्वतःच्या पैशानं घेईल. आईच्या भिशीतून नको.

शेवटची गोष्ट मी इनपुटची पाहिली. काही एसएमपीएसवर २०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काहींवर १०० ते २४०. आमच्याकडे संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की ट्यूब फडफडते. मी दुसरा घेतला.

लाइटवालं कॅबिनेट राहिलं. भाऊ दोन दिवस नीट बोलला नाही. त्याला मी एवढंच सांगितलं, की एसएमपीएस हलका असेल तर तो जाताना एकटा जाईलच असं नाही. त्यात व्होल्टेज आणि करंट वाढल्यावर तोडणारं संरक्षण नसेल, तर तीस हजारांचं कार्डही सोबत जाऊ शकतं. ते परत घ्यायला आईची भिशी पुन्हा लागायला दोन वर्षं आहेत.

डिसेंबरमध्ये त्याला पहिलं लग्न मिळालं. तीन कॅमेऱ्यांचं फुटेज, हळदीपासून पाठवणीपर्यंत. रात्री रेंडर लावून तो झोपला. अण्णा गिरणी बंद करून उशिरा आले, जेवले, आणि कॅबिनेटच्या मागे जाऊन, रोज मोटरच्या अंगाला लावतात तसा, पंख्यातून येणाऱ्या हवेला हात लावून थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “कोमटच आहे. चालू दे.”