तेवीस लोहगड

परीक्षक व्हायला मला मनापासून आवडते. एरवी हे मी चारचौघांत कबूल केले नसते. पण दिवाळीच्या दिवसांत माणसाने थोडे खरे बोलायला हरकत नाही. वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे नि वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासतो आहे. पण उत्तरपत्रिका तपासणे म्हणजे परीक्षक होणे नव्हे. ती हमाली. खरा परीक्षक तो, ज्याला न्यायला स्टेशनवर दोन माणसे येतात, ज्याच्या छातीवर कागदी फूल टोचतात, आणि जो नुसता "हं" म्हणाला तरी समोरच्याच्या काळजात धस्स होते. वक्तृत्व, रांगोळी, सुगम संगीत, पाककला यांपैकी कशालाही मी नाही म्हटलेले नाही. पाककलेच्या स्पर्धेनंतर मला दोन दिवस ताकभातावर काढावे लागले, तरी पुढच्या वर्षीचे बोलावणे मी स्वीकारलेच.

तेव्हा २०२५ च्या दिवाळीत लोणावळ्याच्या एका मंडळाचे चिटणीस घरी आले नि "सर, मुलांच्या किल्ल्यांची स्पर्धा ठेवली आहे," म्हणाले, तेव्हा त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत मी होकार देऊन टाकला. ते गेल्यावर आतून आवाज आला,

"अहो, किल्ल्यातलं तुम्हांला काय कळतं? तुमच्या लहानपणी तुमचा किल्लासुद्धा सासूबाईच करायच्या म्हणे."

ही माहिती हिला कुणी पुरवली ते मला ठाऊक आहे. पण आई आता नाही, तेव्हा भांडणार कुणाशी?

त्या वर्षीच्या स्पर्धेला एक निमित्त होते. जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले नि बारावा तमिळनाडूतला जिंजी. त्या बारांत आमच्या मावळातला लोहगड आहे. मावळात किल्ल्यांना तोटा नाही. तुंग आहे, तिकोना आहे, राजमाची आहे. पण पॅरिसला नाव पुकारले गेले ते लोहगडाचे. साहजिकच मंडळाने ठरवले की यंदा ज्याने त्याने आपल्या मर्जीचा किल्ला करायचा नाही. विषय एकच, लोहगड. वसुबारसेला माती कालवायला घ्यायची, लक्ष्मीपूजनाला हात धुवायचे, पाडव्याला परीक्षण नि भाऊबीजेला बक्षिसे. मोठ्यांनी हात लावायचा नाही, अशीही एक अट होती. तिच्याविषयी पुढे सांगतो.

पुरंदरच्या तहात, १६६५ साली, महाराजांनी मोगलांना तेवीस किल्ले दिले. लोहगड त्यांत होता, आणि १६७० मध्ये तो परत आला. पाडव्याच्या दिवशी मला मिळाले तेही तेवीसच. फक्त तेवीसच्या तेवीस लोहगड! आम्ही तिघे परीक्षक होतो. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, जे रंगाखेरीज कशाकडे पाहत नसत. एक मंडळाचे खजिनदार, जे घड्याळाखेरीज कशाकडे पाहत नसत. आणि तिसरा मी. हातात छापील तक्ता होता. आखणी, प्रमाणबद्धता, सजावट, ऐतिहासिक माहिती, स्वच्छता; प्रत्येकी दहा, एकूण पन्नास. शेवटी 'शेरा' असा एक रकाना. तो रकाना पाहूनच माझी बोटे शिवशिवू लागली.

भांगरवाडीपासून सुरुवात झाली. एकच किल्ला तेवीसदा पाहणे कंटाळवाणे होईल असे तुम्हांला वाटेल. मलाही वाटले होते. पण एका लोहगडासारखा दुसरा लोहगड नव्हता. विटा, दगड, त्यावर भिजवलेले गोणपाट, वर लाल मातीचा चिखल, हा सांगाडा सगळीकडे तोच. हळीव नि मोहरी बहुतेकांनी पेरलेली. ज्यांनी वेळेवर पेरली त्यांचा गड पोपटी झालेला, ज्यांनी उशीर केला त्यांच्या गडावर नुसते ओले दाणे. एका ठिकाणी गणेश दरवाजा गडाच्या माथ्यावर होता नि महादरवाजा पायथ्याशी. म्हणजे स्वारी उलटीकडून चढायची! एकाने सोळाकोनी तळ्यात सलाइनच्या नळीचे कारंजे उडवले होते. विंचूकाटा, ती गडाची पुढे गेलेली चिंचोळी सोंड, एका मुलीने खरोखरच विंचवाच्या नांगीसारखी वर वळवली होती, आणि मला ती इतकी आवडली की प्रमाणबद्धतेचे गुण कापताना माझा हात अडला. माथ्यावरचे महाराज बहुतेक ठिकाणी दरवाज्यांपेक्षा उंच होते. त्याला मास्तरांची हरकत नव्हती नि माझीही नव्हती.

तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या अंगणात मात्र आम्ही तिघेही थबकलो. कड्यांना दगडाचा हुबेहूब रंग, चारही दरवाज्यांत मिणमिणते दिवे, आणि बटण दाबले की गडाची माहिती सांगणारा भारदस्त आवाज. स्पर्धक मुलगा झोपाळ्यावर बसला होता. माहिती त्याचे वडील देत होते.

"मी फक्त मार्गदर्शन केलं हं," ते म्हणाले. त्यांच्या हाताला कोपरापर्यंत प्लॅस्टर लागले होते.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पन्नासांपैकी सेहेचाळीस.

सोळावा किल्ला रेल्वेमार्गापलीकडच्या एका खोल्यांच्या रांगेत होता. ओटीच्या कोपऱ्यात, वाट जेमतेम राहील इतक्या जागेत. बारा-तेरा वर्षांचा मुलगा नि त्याची नऊ-दहा वर्षांची बहीण, दोघेही अवघडून उभी होती. गड गुडघ्याइतका, ओबडधोबड. हळीव अर्धेच उगवलेले. मावळे म्हणून बाटल्यांची बुचे नि शत्रू म्हणून खडे. आणि त्या लोहगडाला खेटून, मध्ये एक घळ ठेवून, दुसरा एक बोडका डोंगर होता, लोहगडापेक्षा चांगला वीतभर उंच. त्याच्या माथ्यावरून चिरलेल्या बांबूची एक पन्हळ उतरत लोहगडावर टेकवली होती.

तो पूल आहे असे मी समजलो. लोहगड-विसापूर असा पूल इतिहासात कधी नव्हता. ऐतिहासिक माहितीचे दोन गुण तिथेच गेले.

"सर, तुम्ही इंग्रज व्हा," मुलगा म्हणाला.

"काय?"

"हा खेळ आहे सर. तुम्ही इंग्रज. मी किल्लेदार. गड घ्यायचा."

त्याने माझ्या हातावर चार फोडलेले चिंचोके ठेवले. गणेश दरवाज्याला एक तरी पांढरे पडले पाहिजे. नारायण दरवाज्याला दोन, हनुमान दरवाज्याला तीन, आणि महादरवाज्याला चारही पांढरी. चुकले की किल्लेदार वरून दगड टाकणार आणि इंग्रज पायथ्याशी. मी उकिडवा बसलो. किती वर्षांनी चिंचोके हातात घेतले कोण जाणे! पहिल्या खेपेला नारायण दरवाज्यात पडलो, दुसऱ्या खेपेला हनुमान दरवाज्यात. बहीण तोंडावर हात धरून हसत होती.

"समोरून नाही जमत सर," मुलगा समजुतीने म्हणाला. "दुसरीकडून..."

"सर, अजून सात राहिलेत," खजिनदार म्हणाले.

मी उठलो. उठता उठता परीक्षकाने काहीतरी सल्ला द्यायचा असतो, म्हणून म्हणालो, "छान आहे. पण हा शेजारचा डोंगर थोडा कमी करायला हवा होता. मुख्य किल्ल्यापेक्षा तोच उंच दिसतो."

"तो उंचच आहे सर."

"कमी केला तर गोटी कशी जाणार?" बहीण म्हणाली.

"कसली गोटी?" असे मी विचारले खरे, पण उत्तर ऐकायला थांबलो नाही. प्रमाणबद्धता चार. सजावट तीन. स्वच्छता चार. बेरीज बावीस झाली. आणि शेऱ्याच्या रकान्यात माझा आवडता शब्द लिहिला. 'विषयांतर.'

या शब्दाचे नि माझे जुने सख्य आहे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने कवितेवरच्या प्रश्नाला असे उत्तर लिहिले होते की ते आमच्या आदर्श उत्तरात कुठेच बसेना. समासात मी हाच शब्द लाल शाईने लिहिला नि दहापैकी दोन गुण दिले. रात्री ती कविता पुन्हा वाचली, तेव्हा त्या मुलीला जे दिसले ते तिच्यात होते. पण गठ्ठा सकाळीच गेला होता. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी बक्षीस समारंभ झाला. बंगल्यातल्या लोहगडाला पहिले बक्षीस. टाळ्या झाल्या. मग माझे भाषण. भाषणाची तयारी मी कसून करतो. जुनी पुस्तके चाळून टिपणे काढली होती. पुरंदरचा तह सांगितला, नाना फडणवीसांनी बांधलेले तळे सांगितले, आणि शेवटाकडे आलो.

"१८१८ च्या मार्चमध्ये," मी म्हणालो, "इंग्रजांची फौज मावळात आली. लोहगड बळकट. एकामागून एक चार दरवाजे, वळणावळणाची वाट, वरून मारा. पण इंग्रज आधी लोहगडाकडे वळलेच नाहीत. त्यांनी शेजारचा, त्याहून उंच असा विसापूर घेतला. आणि विसापूर पडल्यावर दुसऱ्याच दिवशी..."

तिसऱ्या रांगेत त्या मुलाने मान वळवून बहिणीकडे पाहिले. हसला नाही, नुसते पाहिले. तिने त्याला कोपराने ढोसले.

वाक्य कसे पुरे केले ते मला आठवत नाही. पण त्या क्षणी मला ती बांबूची पन्हळ दिसली. तो पूल नव्हता. विसापूरवरून सुटलेली गोटी त्या पन्हळीतून घरंगळत लोहगडाच्या माथ्यावर जाणार होती, चारही दरवाजे चुकवून. डोंगर वीतभर कमी केला असता तर ती गेलीच नसती! जे मी टिपणांत उतरून आणले होते ते त्या पोराने चिखलात करून ठेवले होते, नि मी त्याला बावीस गुण देऊन आलो होतो.

समारंभ संपल्यावर मी चिटणीसांना बाजूला घेतले. ते भले गृहस्थ. "सर, आता प्रमाणपत्रं छापून वाटून झाली," ते म्हणाले. माझ्या हातात शाल, नारळ नि चिक्कीचा मोठा पुडा होता. निकाल बदलला नाही.

स्टेशनकडे जायचे ते मी रुळांपलीकडे गेलो. ओटीवर दिवा होता. किल्ला अजून उभा होता. वाट अडते म्हणून तो उद्या मोडायचा आहे, असे त्यांची आई म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. पोरे आधी बुजली. मी चिक्कीचा पुडा बहिणीपुढे केला नि ओटीवर बसकण मारली.

"त्या दिवशी डाव अर्धा राहिला. मी इंग्रज."

या खेपेला मी सोंगटी सरळ विसापूरवर नेली. तिथे दरवाजा नाही, तीन पांढरी पडली की माथा. मुलाने मुकाट्याने एक काचेची गोटी माझ्या हातात दिली. मी ती पन्हळीत सोडली. ती खडखडत गेली नि लोहगडावरची दोन बुचे घेऊन तळ्यात पडली.

"घेतला गड," बहीण म्हणाली.

"आता तुम्ही किल्लेदार," मुलगा म्हणाला आणि त्याने चिंचोके उचलले. तीन फेकांत तो विसापूरच्या माथ्यावर होता. मी माझ्या बुचांकडे पाहत बसलो. माझे चार दरवाजे बंद होते नि चारही निरुपयोगी होते.

"आता किल्लेदारानं काय करायचं?"

"काही नाही सर. किल्ल्या द्यायच्या."

मला ते मानवेना. परीक्षक म्हणून नव्हे, हरणारा गडी म्हणून. "आणि किल्लेदारानं आधीच चार बुचं विसापूरवर ठेवली असती तर?"

मुलगा थांबला. गोटी मुठीतच राहिली. "मग लोहगडावर चार कमी होतील."

"होऊ देत."

"मग हनुमान दरवाज्याला दोन पांढऱ्यांवर सोडावं लागेल इंग्रजांना. नाहीतर ते सारखे हरतील." त्याने बहिणीला वही आणायला सांगितली. "थांबा सर, लिहून काढू."

पुण्याकडची लोकल शिट्टी देत निघून गेली. विसापूरवर किती बुचे ठेवायची यावर आमचे एकमत होईना. मी चार म्हणत होतो, तो तीन म्हणत होता, आणि बहीण म्हणत होती की आधी करून बघा.