परमुलखातला रामराम

शेतकऱ्याच्या साप्ताहिकात फ्रेंच भाषेचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. पण आधी घरातला सातबारा काढून पाहा. क्षेत्राच्या रकान्यात हेक्टर आणि आर असे दोन शब्द दिसतील. ते दोन्ही शब्द फ्रेंच आहेत. फ्रान्समध्ये १७९५ साली मापांचा नवा कायदा झाला आणि मीटर, लिटर, ग्रॅम, आर ही नावे ठरली. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने ही मापे आली आणि गुंठ्याच्या शेजारी आर येऊन बसला. आर गुंठ्यापेक्षा किंचित लहान, एवढाच काय तो फरक. डेअरीला दूध लिटरने घालता, कांदा किलोने विकता, तेव्हा तुम्ही रोजच फ्रेंच बोलत असता. आपल्याला ते कोणी सांगितले नव्हते इतकेच.

द्राक्षबागायतदारांना तर आणखी एक शब्द पाठ आहे, तो म्हणजे बोर्डो. बोर्दो हे फ्रान्समधले शहर. त्या भागातले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडीत. कशासाठी? तर येणारेजाणारे द्राक्षे तोडून खात म्हणून. निळसर डाग पाहिले की विषाच्या भीतीने कोणी हात लावीत नसे. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आले की, आतल्या वेली केवड्याने गळाल्या आहेत आणि रस्त्याकडेच्या मात्र हिरव्यागार आहेत. १८८५ साली त्यांनी हे मिश्रण जगापुढे मांडले. आज आपण शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घालतो, ते त्या राखणीचेच देणे.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की परक्या भाषेचे भय मनातून जावे. मी सातवीपर्यंत शिकलेली, नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागेतली बाई. इंग्रजीही मला धड येत नाही. माझी मुलगी पिकांच्या रोगांवर संशोधन करण्यासाठी फ्रान्सच्या दक्षिणेला, माँपेलिये या शहरात गेली आणि तिथेच संसाराला लागली. तिचे पहिले बाळंतपण आले तेव्हा ऐन ऑक्टोबर छाटणीचे दिवस. घरचे म्हणाले, "छाटणी आम्ही बघतो, तुम्ही लेकीकडे जा." नव्वद दिवसांचा व्हिसा मिळाला. साड्या, डिंक, मेथ्या, अळीव असे सगळे बांधले. पण रात्री झोप येईना. तिथे वेळप्रसंग आला तर मी बोलणार काय? लेकीच्या बाळंतपणात आईला मुके राहून कसे चालेल?

मग मुलीने फोनवरून एकेक शब्द सांगितला आणि मी दुधाच्या हिशेबाच्या जुन्या वहीत तो आपल्या बालबोध अक्षरांत लिहून घेतला. त्या वहीतलेच थोडे आज तुमच्यापुढे ठेवते.

पहिला शब्द 'बोंजूर'. बों म्हणजे चांगला, जूर म्हणजे दिवस. संध्याकाळी त्याचे 'बोंस्वार' होते. पण अर्थापेक्षा त्याची जागा महत्त्वाची. दुकानात शिरलात, बसमध्ये चढलात, दवाखान्यात गेलात, कोणाला रस्ता विचारायचा आहे, तर आधी 'बोंजूर' आणि मग काम. बाई असेल तर 'बोंजूर, मादाम', पुरुष असेल तर 'बोंजूर, मस्य'. मी पावाच्या दुकानात रांगेत उभी असताना पुढच्या एका प्रवाशाने आत शिरताच इंग्रजीत भाव विचारला. दुकानदारीणबाईंचा चेहरा कोरडा झाला. भाव सांगितला, पण भिंतीला सांगावा तसा. माझी पाळी आली. मी हात जोडले आणि म्हटले, "बोंजूर, मादाम." बाई हसल्या आणि माझ्या मोडक्यातोडक्या बोलण्याकडे कान देऊन उभ्या राहिल्या.

यात नवल काही नाही. आपल्या गावात कोणी परका आला आणि रामराम न घालता पारावरच्या माणसांना "पाटलांचे घर कुठे?" असे विचारू लागला, तर आपणही त्याला वरून खाली न्याहाळतोच. आधी रामराम, मग काम, ही रीत खेड्यातल्या माणसाला शिकवावी लागत नाही. म्हणून मी म्हणते, फ्रेंच भाषेचा पहिला धडा आपल्याला येतोच आहे, फक्त शब्द बदलायचा.

दुसरा शब्द 'मेर्सी', म्हणजे आभार. तिसरा 'सिल वू प्ले', म्हणजे 'कृपा करून'. शब्दाला शब्द लावला तर 'तुमची मर्जी असेल तर'. काहीही मागताना शेवटी तो जोडावा. चौथा 'पार्दों', म्हणजे 'माफ करा'. गर्दीतून वाट काढताना उपयोगी. आणि निघताना 'ओ रव्वार', म्हणजे 'पुन्हा भेट होईपर्यंत'. आपण दारातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. तसलाच हा शब्द. तो ऐकला तेव्हा मला ती भाषा एकदम घरातली वाटली.

आणखी एका बाबतीत आपले सोपे आहे. फ्रेंचमध्ये 'त्यू' म्हणजे तू आणि 'वू' म्हणजे तुम्ही. मोठ्या माणसाला, अनोळखी माणसाला 'वू'. घरातल्याला, पोराबाळांना 'त्यू'. ज्यांना इंग्रजी एकच शब्द ठाऊक, त्यांना हे घोटून शिकावे लागते. आपण ते आईच्या मांडीवरच शिकलेलो असतो. वस्तूंनाही तिथे आपल्यासारखे लिंग आहे, पण नपुंसकलिंग नाही. पुल्लिंगी शब्दाआधी 'ल', स्त्रीलिंगीआधी 'ला'. सूर्य आपल्यासारखाच पुरुष, पण चंद्र तिथे बाई आहे बरे का!

उच्चाराचे थोडके सांगते. लिहिलेली शेवटची अक्षरे ते बहुधा गिळतात. ह लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून आपले हेक्टर तिथे 'एक्तार' होते. र घशातून येतो. आणि पुष्कळ शब्द नाकात बोलतात. ज्याला अनुस्वार नीट येतो, त्याला फ्रेंच अर्धे आले.

आकडे तर आपले भाऊबंदच. दोनला 'द', तीनला 'त्र्वा', सातला 'सेत', नऊला 'नफ', दहाला 'दीस'. संस्कृत आणि फ्रेंच एकाच फार जुन्या भाषेच्या लेकी, म्हणून हे साम्य. राहिलेले आकडे असे: एक 'अं', चार 'कात्र', पाच 'सँक', सहा 'सीस', आठ 'वीत'. ऐंशीला ते 'कात्र व्हँ' म्हणतात, म्हणजे चार विसा! आमच्या आजेसासूबाई पैसे विसाविसाने मोजीत. त्या तिथल्या बाजारात सहज खपल्या असत्या. नव्वद म्हणजे 'कात्र व्हँ दीस', चार विसा आणि दहा.

बाजाराला 'मार्शे' म्हणतात. माँपेलियेच्या भोवती द्राक्षांचे मळेच मळे आहेत. सप्टेंबरात एका बाजारी शेतकरी बायका आपापला माल घेऊन बसल्या होत्या. भाव विचारायला 'से कोंब्यँ?' म्हणजे 'केवढ्याला?'. द्राक्षांना 'रेझँ' म्हणतात. इंग्रजीत जवळजवळ हाच शब्द बेदाण्याला आहे, पण फ्रेंचमध्ये रेझँ म्हणजे ताजी द्राक्षे आणि बेदाणे म्हणजे 'रेझँ सेक', वाळलेली द्राक्षे. मी घड उचलला, देठ पाहिला, मणी दाबून पाहिला. बाई ओळखून हसल्या. मी वहीत पाहून म्हटले, "जं स्वी आग्रिक्युल्त्रीस." म्हणजे 'मी शेतकरी आहे.' पुरुषाने म्हणायचे झाले तर 'आग्रिक्युल्तर'. त्यांनी आपला हात पुढे केला. मोरचुदाने, कात्रीने, मातीने राठ झालेला हात. माझाही तसलाच. त्यानंतर दर आठवड्याला माझ्या पिशवीत एक घड जास्तीचा पडू लागला.

खाण्यापिण्याचे शब्द तर हवेतच. पाणी म्हणजे 'ओ'. खाणावळीत जेवताना 'उन काराफ दो, सिल वू प्ले' म्हटले की नळाच्या पाण्याचा जग मिळतो, त्याचे पैसे पडत नाहीत. दूध 'ले', मीठ 'सेल', पाव 'पँ'. आपला पाव पोर्तुगीजांकडून आला. तो आणि हा पँ लॅटिन भाषेतल्या एकाच शब्दापासून निघालेले, म्हणजे मावसभाऊच. मी माळकरी. तेव्हा 'सां व्यांद, सां प्वासों' हे मी तोंडपाठ केले, म्हणजे 'मांसाशिवाय, मासळीशिवाय'. नुसते मांस नको म्हटले तर मासळी पानात येऊ शकते. इथे एक खबरदारी: मासळी म्हणजे 'प्वासों' आणि विष म्हणजे 'प्वाझों'. स आणि झ यांत गल्लत नको!

आता अडीअडचणीचे शब्द. हे प्रत्येकाने पाठच करावेत. 'जं न कोंप्रां पा' म्हणजे 'मला कळत नाही'. 'प्ल्यू लांतमां' म्हणजे 'जरा सावकाश'. 'ऊ ए ला गार?' म्हणजे 'स्टेशन कुठे आहे?'. 'एदे म्वा' म्हणजे 'मला मदत करा'. दुखत असेल तिथे बोट ठेवून 'जे माल इसी' म्हणावे, म्हणजे 'मला इथे दुखते आहे'. आपला माल वेगळा, त्यांचा माल वेगळा! औषधाच्या दुकानावर हिरवी फुली असते. तातडीच्या वैद्यकीय मदतीला १५ हा नंबर, पोलिसांना १७, अग्निशामक दलाला १८. एवढे ध्यानात राहिले नाही तर ११२ लावावा. तो युरोपभर चालतो आणि महाराष्ट्रातही तोच आहे.

कोणी म्हणेल, आता मोबाइल सगळे भाषांतर करून देतो, मग वही कशाला? त्याचे उत्तर मला एका रात्री मिळाले.

मुलीला तारखेच्या आधीच कळा सुरू झाल्या. जावई कामासाठी दुसऱ्या शहरात, सकाळपर्यंत पोचणार नव्हते. आम्ही दोघीच दवाखान्यात गेलो. तिथे सुईणीला 'साज-फाम' म्हणतात. साज म्हणजे शहाणी, फाम म्हणजे बाई. शहाणी बाई! मुलीचे फ्रेंच उत्तम, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण कळा वाढल्या तशी तिची फ्रेंच गेली, इंग्रजी गेली. तोंडात राहिले फक्त "आई गं". साज-फाम काही सांगे ते तिच्या कानात शिरेना. डोळे मिटलेले, अंग ताठरलेले. मोबाइल कुठल्या पिशवीत होता कोणास ठाऊक, आणि असता तरी कोणाच्या हाताला सवड होती?

वहीतले बाळंतपणाचे पान मात्र मला पाठ होते. साज-फाम म्हणाली, "रेस्पिरे." मी मुलीच्या कानाशी म्हटले, "श्वास घे बाळा, लांब श्वास घे." ती म्हणाली, "दूस्मां." मी म्हटले, "हळू, घाई नको." मग ती म्हणाली, "पुसे, पुसे!" आपल्या कानाला ते पुसण्यासारखे ऐकू येते, पण त्याचा अर्थ 'जोर लाव'. मी म्हटले, "लाव जोर, आता लाव!" असे किती वेळ चालले ते सांगता येणार नाही. मध्ये एकदा माझा धीर सुटला. मी विचारले, "मा फीय, सा व्हा?" म्हणजे 'माझी मुलगी, बरी आहे ना?' त्या बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तू व्हा ब्यँ, मादाम." सगळे ठीक आहे.

पहाटे रडणे ऐकू आले. "से त्यून फीय!" मुलगी झाली. मी "मेर्सी, मादाम" म्हटले. त्यापुढचा शब्द माझ्या वहीत नव्हता आणि लागलाही नाही.

बंधुभगिनींनो, पन्नास शब्दांनी भाषा येत नाही, हे मलाही समजते. पण पन्नास शब्दांनी माणूस मुका राहत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आज आपल्या गावांतली मुले शिकायला, नोकरीला दूर दूर जात आहेत. फ्रेंच फ्रान्सपुरतीच नाही. बेल्जियममध्ये, स्वित्झर्लंडच्या काही भागात, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत ती चालते. मॉरिशसमध्ये तर आपले मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, आणि त्यांच्या रोजच्या क्रिओल बोलीचा पाया फ्रेंचच आहे. उद्या तुमच्या घरातले कोण कुठे जाईल आणि मागोमाग तुम्हाला कुठे जावे लागेल, कोणी सांगावे?

म्हणून सांगते, एक जुनी वही घ्या. मुलांकडून शब्द विचारून घ्या आणि आपल्या अक्षरांत लिहा. आठवड्याला पाच शब्द पुरे. धार काढताना, भाकरी थापताना मोठ्याने म्हणा. म्हशीला कळणार नाही, घरचे हसतील, हसू द्या. आधी रामराम, मग आभार, मग पाणी, मग दुखणे, मग भाव, या क्रमाने शिका. व्याकरण मागाहून येईल किंवा येणारही नाही. आपल्या माणसाजवळ उभे राहून दोन शब्द बोलता आले, की त्या वहीचे चीज झाले.

तर मग, ओ रव्वार! म्हणजे, येते.