पत्ता आहे, दार नाही

'पत्ता' हा मराठीतला मोठा उपयोगी शब्द आहे. हरवलेल्या वस्तूचा पत्ता लागतो, उधारी घेणाऱ्याचा पत्ता नसतो, माणूस बेपत्ता होतो. ज्याला पत्ता आहे त्याच्याकडे कोणीतरी येऊ शकते, हे या साऱ्या प्रयोगांमागचे गृहीत आहे. घरातल्या इंटरनेटच्या बाबतीत मात्र हे गृहीत टिकत नाही. तेथे पत्ता असतो, पण त्या पत्त्यावर कोणी आले तर त्याच्यासाठी दार उघडेलच असे नाही. आम्हांला हे उमगले ते कोणत्याही तत्त्वचिंतनातून नव्हे, तर एका निव्वळ व्यावहारिक अडचणीतून.

आम्ही तिघे मराठीचे अध्यापक. एक पुण्यात, एक नांदेडला, एक सावंतवाडीला. गेली काही वर्षे एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांच्या जीर्ण अंकांची पाने आम्ही आपापल्या परीने टिपून ठेवत आलो आहोत. 'विविधज्ञानविस्तार' १८६७ साली निघाले, 'निबंधमाला' १८७४ साली. त्या काळच्या लेखकांच्या निधनाला आता साठ वर्षांहून कितीतरी अधिक काळ लोटला आहे, त्यामुळे भारतीय कायद्याच्या दृष्टीने हे साहित्य सर्वांचे आहे. प्रश्न मालकीचा नव्हताच, वाहतुकीचा होता. वाचता येईल इतक्या स्पष्ट प्रतिमा ठेवायच्या तर त्या फार जड होतात, आणि आमचा साठा साठ जीबीच्या पुढे गेला होता. ईमेलमध्ये तो मावत नाही, फुकट मिळणाऱ्या साठवणुकीतही मावत नाही. पेन ड्राइव्ह कुरियरने पाठवता येतो, आणि आम्ही तो पाठवलाही. पण दर महिन्याला नवी पाने जमतात, विद्यार्थी वेगवेगळ्या गावांतून मागणी करतात, आणि प्रत्येकासाठी पेन ड्राइव्ह भरत बसणे हा काही संशोधनाचा मार्ग नव्हे.

म्हणून आम्ही बिटटॉरेंटकडे वळलो. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने २००१ साली ही पद्धत आणली. चोरट्या चित्रपटांमुळे तिचे नाव बरेच बदनाम झाले. पण पद्धत स्वतः निरपराध आहे. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या याच मार्गाने वाटल्या जातात, आणि इंटरनेट आर्काइव्हनेही २०१२ पासून आपल्या संग्रहासाठी हा मार्ग खुला केला. तिचे तत्त्व साधे आहे. मोठ्या फाइलचे लहान तुकडे करायचे, आणि ज्याच्याकडे जो तुकडा पोहोचला त्याने तो पुढच्याला द्यायचा. घेणारा घेता घेताच देणारा होतो. मुद्रणापूर्वीच्या मराठीला ही रीत परकी नाही. मठात एक पोथी आली की तिची नक्कल व्हायची, ती नक्कल दुसऱ्या मठात गेली की तिच्यावरून तिसरी. मूळ प्रत जळाली तरी ग्रंथ उरायचा. ज्याच्याकडे नक्कल त्याच्याकडे देण्याचा अधिकार, आणि एका अर्थाने देण्याचे कर्तव्यही.

तिघांनी आपापल्या संगणकावर ट्रान्समिशन नावाचे सॉफ्टवेअर बसवले, टॉरेंट फाइल तयार केली, आणि रात्रभर तिन्ही संगणक चालू ठेवले. सकाळी आकडा शून्य. गंमत अशी की तिघांचे पत्ते एकमेकांच्या यादीत दिसत होते. कोण कोठे आहे हे प्रत्येकाला ठाऊक, पण कोणी कोणाकडे जाऊ शकत नाही. सॉफ्टवेअरच्या जाळ्याविषयीच्या पानावर एकच वाक्य होते : पोर्ट बंद आहे.

हे वाक्य समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. घरात राउटर नावाची जी डबी दिवे मिचकावत बसलेली असते, तिचे काम भाषांतराचे आहे. हे आमचे अलंकारिक बोलणे नव्हे. त्या क्रियेचे तांत्रिक नावच 'नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन', म्हणजे पत्त्यांचे भाषांतर, थोडक्यात नॅट. घरातला संगणक, फोन, दूरदर्शन संच यांना राउटर स्वतःच पत्ते वाटतो, १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते घरापुरतेच खरे. तुमच्याकडचा १९२.१६८.१.७ आणि आमच्याकडचा १९२.१६८.१.७ एकाच वेळी सुखाने नांदू शकतात, जसा प्रत्येक वाड्यात एखादा 'माडीवरचा बापू' असतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक निरोपावरचा घरगुती पत्ता खोडून राउटर त्यावर वाड्याचा एकमेव बाहेरचा पत्ता लिहितो, आणि कोणी कोणाला लिहिले याची नोंद आपल्या वहीत करतो. उत्तर आले की वही पाहून ते योग्य खोलीत पोहोचवतो.

यातली मेख अशी की वहीत नोंद होते ती फक्त आतून कोणी बोलले तरच. बाहेरून एखादा अनोळखी माणूस आपण होऊन आला, तर तो कोणाकडे आला हे राउटरला ठरवता येत नाही, आणि तो त्याला मुकाट्याने टाकून देतो. वर्तमानपत्र वाचणे, चित्रफीत पाहणे, बँकेचे व्यवहार करणे यांत बोलण्याची सुरुवात नेहमी आपल्याच बाजूने होते, त्यामुळे हा नियम कोणाला जाणवत नाही. पण बिटटॉरेंटमध्ये पहिली हाक दुसऱ्यानेही मारायची असते. दोघांपैकी एकाचे दार उघडे असले तरी भागते. दोघांचीही बंद असली तर सहसा निरोप पोहोचतच नाही. काही सॉफ्टवेअरे तिसऱ्याच्या मध्यस्थीने दोघांना एकाच वेळी हाक मारायला लावून वहीत नोंद करवून घेतात, पण ही युक्ती प्रत्येक राउटरपाशी चालत नाही. आम्हां तिघांची तिन्ही दारे बंद होती.

ही व्यवस्था मुळात तात्पुरती होती. इंटरनेटचा जुना पत्ता ३२ अंकस्थानांचा, १९८१ साली निश्चित केलेला. त्यातून सारे मिळून ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होतात. ते पुरणार नाहीत हे लवकरच दिसू लागले. मे १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांनी पत्त्यांच्या भाषांतराचा मसुदा मांडला तो दीर्घकालीन तोडगा सापडेपर्यंतची सोय म्हणून. तो तोडगा, १२८ अंकस्थानांचा नवा पत्ता, १९९५ च्या डिसेंबरात कागदावर आलाही. पण तात्पुरत्या गोष्टी किती चिवट असतात हे महाविद्यालयात नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले जुन्या पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून झाले. आज तीन दशकांनंतरही घरोघरी ती तात्पुरती सोयच राज्य करते आहे.

असो. आता उपायाचा क्रम सांगतो. ज्यांना ही अडचण आली आहे त्यांना तो उपयोगी पडावा. तपासणी आतून बाहेर करत जावी. प्रथम सॉफ्टवेअरमध्ये पोर्टचा क्रमांक कायम करावा. पोर्ट म्हणजे पत्त्यावरचा खोली-क्रमांक; ० ते ६५५३५ पर्यंत तो काहीही असू शकतो. ट्रान्समिशन आपण होऊन ५१४१३ घेते. प्रत्येक वेळी नवा क्रमांक निवडण्याची सोय असेल तर ती बंद करावी. मग संगणकाच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये त्या सॉफ्टवेअरला परवानगी आहे का ते पाहावे. नंतर राउटरच्या पानावर जाऊन, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर, आपल्या संगणकाला घरगुती पत्ता कायमचा राखून द्यावा. नाहीतर आज ७ क्रमांकावर असलेला संगणक परवा ९ वर जातो आणि सारा बंदोबस्त रिकाम्या खोलीसाठी होऊन बसतो. त्यानंतर पोर्ट फॉरवर्डिंग. काही राउटरांवर त्यालाच व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात. 'बाहेरून ५१४१३ विचारत कोणी आले तर त्याला १९२.१६८.१.७ कडे पाठव', एवढीच आज्ञा तेथे लिहायची, टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही प्रकारांसाठी. आणि चाचणी घेताना सॉफ्टवेअर चालू ठेवावे. खोलीत कोणी नसेल तर दार उघडे असूनही ते बंदच भासते.

यूपीएनपी नावाची एक सोय हे सारे आपोआप करते. पण तिच्यात घरातले कोणतेही सॉफ्टवेअर कोणाला न विचारता दार उघडू शकते, तेव्हा आम्ही ती बंद ठेवली. हवे ते एक दार स्वतःच्या हाताने उघडावे, हे अधिक बरे.

एवढे करून नांदेडचे आणि सावंतवाडीचे दार उघडले नाही. सावंतवाडीत कारण लवकर सापडले. सेवा देणाऱ्याची एक डबी आणि तिला जोडलेला घरचा राउटर, दोघेही भाषांतर करत होते. दुहेरी भाषांतरात मूळ मजकुराचे काय होते हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. पहिल्या डबीला ब्रिज मोडमध्ये टाकले, म्हणजे भाषांतराचे काम सोडून फक्त निरोप पुढे द्यायला लावले. तरीही दार बंदच. तेव्हा शेवटची खूण पाहिली : राउटर स्वतःचा बाहेरचा पत्ता म्हणून जो आकडा दाखवतो, आणि बाहेरच्या जगाला आपला जो पत्ता दिसतो, ते दोन्ही एकच आहेत का? नव्हते. दोन्ही गावी राउटरवरचा आकडा १०० ने सुरू होत होता, आणि त्यापुढचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान होता. एप्रिल २०१२ मध्ये हा पट्टा, ४१,९४,३०४ पत्त्यांचा, खास यासाठीच राखून ठेवला गेला की सेवा देणाऱ्यांनी अनेक ग्राहकांना मिळून एकच खरा पत्ता द्यावा. वाड्यालाही स्वतःचा पत्ता नाही. साऱ्या पेठेला मिळून एक. आणि पेठेच्या वेशीवरची वही आपल्या हाती नाही.

नांदेडहून ग्राहकसेवेला फोन केला तेव्हाचा संवाद आम्ही जपून ठेवला आहे.

"सर, यूट्यूब चालतंय ना तुमचं?"

"ते चालतं. बाहेरून आमच्याकडे कोणाला येता येत नाही."

"बाहेरून कशाला यायचंय सर कोणाला?"

मुलगा नम्र होता, आणि त्याचा प्रश्न मनापासूनचा होता. त्याच्या कामाच्या कागदावर ग्राहक म्हणजे पाहणारा, मागवणारा. ग्राहकाकडे देण्यासारखे काही असू शकते ही शक्यता त्या कागदावर नव्हती. दर महिन्याचे वेगळे शुल्क भरले की स्वतंत्र पत्ता मिळतो, हे त्याने शेवटी विचारून सांगितले. आम्ही हिशेब केला. एक दार पुरते. पुण्यातला पत्ता खरा होता आणि पोर्ट उघडले होते. नांदेड आणि सावंतवाडी आता पुण्याला हाक मारतात, आणि पुण्यामार्फत एकमेकांचे तुकडे मिळवतात. साठा पोहोचायला चार रात्री लागल्या. घरगुती जोडणीत देण्याचा वेग बेताचाच, हे त्यामागचे कारण. जेथे नवा १२८ अंकस्थानांचा पत्ता मिळतो तेथे भाषांतराची गरजच उरत नाही. फक्त राउटरच्या फायरवॉलला त्या एका पोर्टची सूचना द्यावी लागते.

अडचण सुटली, तरी त्या मुलाचा प्रश्न सुटत नाही. १९८४ साली सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी एका निबंधात असे मांडले की जाळ्याची पुष्कळशी कामे मध्ये नव्हे, तर टोकांनाच नीट पार पाडता येतात. त्या कल्पनेतली टोके सारखी होती. प्रत्येक टोक विचारू शके आणि सांगूही शके. आज आपले घर हे असे टोक झाले आहे की ज्याला फक्त विचारता येते. सांगायचे असेल तर कोणा मोठ्याच्या दारात नेऊन ठेवायचे, त्याच्या अटींवर. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी याचा विचार करावा असे आम्हांला वाटते, कारण वाचकाला केवळ वाचक करून ठेवणाऱ्या व्यवस्था आपण इतिहासात पाहिल्या आहेत.

बंद दाराची बाजूही मांडली पाहिजे. त्यानेच कित्येक घरांतले असुरक्षित संगणक वाचवले आहेत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. पंथाने ते ग्रंथ शतकानुशतके निष्ठेने सांभाळले. पण त्याच लिप्यांमुळे 'लीळाचरित्रा'सारखा आद्य गद्यग्रंथ मराठीच्या सामान्य वाचकाला विसाव्या शतकापर्यंत भेटला नाही. सांभाळणे आणि देणे या दोन्ही गोष्टी लागतात. कोणते दार केव्हा उघडायचे हे पंथाला स्वतः ठरवता येत होते. पेठेच्या वेशीवरच्या वहीबद्दल आमची तक्रार एवढीच आहे की ते ठरवणे आमच्याकडे राहिले नाही.

नव्या पानांची नवी टॉरेंट फाइल आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी करतो. ज्या विद्यार्थ्यांच्या घरी खरा पत्ता आहे, त्यांना आम्ही एकच विनंती करतो : घेऊन झाल्यावर संगणक लगेच बंद करू नका. तुमच्या दारातून आणखी कोणाला तरी यायचे आहे.