बीडच्या चिखलात पुण्याची सायकल

‘हिवाळ्यात ओल्या रस्त्यावर चालवायला रोड बाइक हवीय. बीडला न्यायचीय,’ असं मी दुकानात सांगितलं तेव्हा काउंटरवरचा मुलगा आधी हसला. मग त्याला वाटलं, मी त्याची खेचतेय.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा! बीड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टँकर उभा राहतो. सह्याद्रीनं ढग अडवल्यावर जो उरलासुरला पाऊस पुढं सरकतो, त्यावर भागवणारा हा जिल्हा. वर्षाची सरासरी ७०० मिलिमीटरच्याही खाली. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, त्या दिवसांत आमच्या मामीनं अर्धा पेला पाणी सांडल्याबद्दल मला जे काही सुनावलंय, ते अजून लक्षात आहे.

पण ज्यांचं आजोळ तिकडे आहे, त्यांना दुसरी गोष्टही माहीत असते. बीडचा पाऊस वेळापत्रक पाळत नाही. जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसावं तर पत्ता नाही, आणि सप्टेंबरमध्ये असा येतो की विचारू नका. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा आणि गोदावरीचं पाणी उभ्या पिकांत शिरलं होतं. दिवाळीत परतीचा पाऊस असतो. आणि ऐन थंडीत कुठंतरी समुद्रात वादळ झालं, की कापूस वेचायला आलेला असताना अवकाळी झोडपून जातो.

शिवाय पाऊस नसला तरी रस्ता कोरडा असतो, असं समजू नका. हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. ओलिताच्या रानातून भरलेला ट्रॅक्टर डांबरीवर चढतो, तेव्हा चाकांना चिकटलेली काळी माती शंभरेक फुटांपर्यंत रस्त्यावर सांडत जातो. त्यावर पहाटेचं दव पडलं की झालं, साबण लावलेली मोरी आणि तो रस्ता यात काही फरक उरत नाही.

हे सगळं शहाणपण मला आधीपासून होतं असं मात्र मुळीच नाही.

तीन वर्षांपूर्वी पगारवाढ झाली आणि त्या आनंदात मी पहिली रोड बाइक घेतली. लाल, चकाचक, एका हातानं उचलता येईल अशी हलकी. टायर २३ मिलिमीटरचे, म्हणजे जेमतेम माझ्या अंगठ्याएवढे रुंद. आपल्या ऑफिसातल्या त्या ‘रविवारी पहाटे सिंहगड’ ग्रुपमध्ये तिचं भरपूर कौतुक झालं. दिवाळीला ती बसच्या डिकीत चादरीत गुंडाळून बीडला नेली. मामांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. मामा म्हणजे झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर. तीसेक वर्षं काळ्या सायकलवरून शाळेला गेलेले. त्यांनी टायर दाबून पाहिला, चाकावरच्या मोकळ्या जागेकडे बघितलं आणि म्हणाले, ‘हिला मडगार्ड नाही?’

‘रोड बाइकला नसतात मामा.’

‘मग पाठीला काय बांधायलीस? ताडपत्री?’

मी हसले. दुसऱ्या दिवशी रात्री शिडकावा झाला होता, तरी सोलापूर रस्त्यानं निघाले. खजाना विहिरीपाशी थांबले. निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली ही विहीर. दुष्काळातही हिचं पाणी आटत नाही असं बीडकर अभिमानानं सांगतात. पुढं पाली, बिंदुसरा धरण. तिथवर सगळं झकास चाललं होतं. नुसता टी-शर्टचा मागचा भाग माकडानं रंगवल्यासारखा झाला होता, इतकंच. मग मला हुक्की आली, मामांच्या रानात जाऊन येऊ. डांबरी सोडून आत फक्त एक किलोमीटर.

ज्यांनी ओली काळी माती पाहिलेली नाही, त्यांना हे कसं सांगावं? ती चिकटते, मग तिला तीच चिकटते. तिसऱ्या मिनिटाला टायर आणि ब्रेक यांच्यातली बोटभरसुद्धा नसलेली फट मातीनं भरली आणि चाक फिरायचंच बंद झालं. काडीनं कोरायचं, दहा पावलं जायचं, पुन्हा कोरायचं. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन मी रानात पोचले. ‘सायकलनं तुला आणलं का तू सायकलला?’ हा मामांचा प्रश्न आमच्या घरात आता म्हणीसारखा वापरतात.

खरा प्रसंग परतीचा. दिवस मावळलेला, भुरभुर सुरू झालेली. माझ्या पुढं उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर लोंबणाऱ्या वाढ्याखाली दडलेला. ट्रॅक्टर थांबलाय, हे मला कळलं तेव्हा अंतर चारेक सायकलींचं असेल. मी दोन्ही ब्रेक दाबले. काहीही झालं नाही. म्हणजे अगदी काहीही नाही. ओल्या रिमवर रबरी ब्रेक आधी पाणी पुसतो, मग माती पुसतो आणि त्यानंतर सावकाश पकडतो. तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता. मी सायकल डावीकडे घातली आणि कडेच्या चारीत जाऊन पडले. कोपर सोललं, एक चाक वाकडं झालं.

ट्रॉलीवर उसाच्या मोळ्यांवर बसलेली एक बाई खाली उतरली. तिनं आधी मला उभं केलं, मग सायकलला. तिची टोळी त्याच रस्त्याला लागली होती. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, आणि त्यांतली कितीतरी अशाच वाहनांवर, अशाच अंधारात प्रवास करतात. मी एका संध्याकाळी घाबरले. तिला तर पुढचे पाच-सहा महिने त्याच दिवा नसलेल्या ट्रॉलीवर काढायचे होते.

तर मंडळी, दुसरी सायकल निवडताना माझे निकष का बदलले, ते आता लक्षात आलं असेल.

पहिला निकष ब्रेक. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्याशी, चिखलापासून लांब असतो. पावसात तोही क्षणभर ओला होतो, पण पकडतो फार लवकर. शिवाय रिम झिजत नाही. रिम ब्रेकमध्ये रेतीचे कण रबरात रुततात आणि प्रत्येक वेळी ॲल्युमिनियमची रिम कानशीसारखी घासत राहतात. डिस्कमध्येही ऑइलवाला आणि केबलवाला असे दोन प्रकार आहेत. ऑइलवाला बोटाच्या टोकानं चालतो, भन्नाट वाटतो. तरीही मी केबलवाला घेतला. कारण साधं आहे. पुण्यात ऑइल बदलून देणारे गल्लोगल्ली सापडतील, पाटोद्याच्या रस्त्यावर कुठं शोधायचे? केबलचं एक वेटोळं मात्र सीटखालच्या पिशवीत पडून असतं.

दुसरा निकष म्हणजे मोकळी जागा. दुकानात याबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. गिअर किती, वजन किती, फ्रेम कार्बनची का, यावर अर्धा तास प्रवचन होतं. टायर आणि फ्रेमच्या मध्ये बोट जातंय का, हे बघायला कुणी सांगत नाही. तुम्ही बघा. निदान २८ मिलिमीटरचा टायर, त्यावर मडगार्ड आणि तरीही वर थोडी हवा खेळायला हवी. मडगार्डचे स्क्रू लावायला फ्रेमवर भोकं आहेत का, तेही खाली वाकून पाहा. नसतील तर नंतर क्लिपनं अडकवायचे प्लॅस्टिकचे मिळतात, पण ते खडखडतात आणि खड्ड्यात निष्ठा बदलतात. मी ३२ मिलिमीटरचे टायर घेतले. ग्रुपमधल्या एकानं ‘ट्रॅक्टर घेतलास का?’ विचारलं. हवा थोडी कमी ठेवली की रुंद टायर रस्त्याला जास्त घट्ट धरून राहतो. ओल्या डांबरावर नक्षीचा फारसा उपयोग नसतो, कारण सायकलचा टायर मोटारीसारखा पाण्यावर तरंगत नाही. काम करतं ते रबर आणि हवेचा दाब. पाणी फेकायला खोल खाचा लागतात, हे आपण मोटारींच्या जाहिराती बघून ठरवलेलं असतं.

इंग्लंडमध्ये ‘विंटर बाइक’ हा वेगळाच प्रकार असतो. तिथं थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात, ते चांगल्या सायकलीचं वाटोळं करतं. म्हणून तिथले सायकलवाले थंडीसाठी दुसरी, स्वस्तातली, मडगार्डवाली सायकल बाळगतात आणि मागून येणाऱ्याच्या तोंडावर पाणी उडू नये म्हणून कित्येक क्लबांत हिवाळी राइडला मडगार्डची सक्तीच असते. आपल्याकडे मीठ नाही, सराटे आहेत. बाभळीचे काटेही. पावसाच्या पाण्यानं ते वाहत रस्त्यावर येतात, आणि ओलं रबर कोरड्यापेक्षा लवकर चिरतं. त्यामुळे आत पंक्चररोधक पट्टा असलेला टायर घ्या, थोडा जड असला तरी. ट्यूबही दोन बाळगा. मामांच्या गल्लीतल्या सायकलवाल्याकडे ‘अठ्ठावीस इंची’ टायर-ट्यूब भरपूर आहेत, पण तो काळ्या सायकलचा अठ्ठावीस. रोड बाइकच्या चाकापेक्षा थोडासा मोठा, तो टायर बसतच नाही. आपल्या बारीक व्हॉल्व्हला त्याचा पंपही लागत नाही. बोटाच्या पेराएवढं पितळी ॲडाप्टर खिशात असलं तर तोच पंप चालतो. माझ्या सगळ्या खरेदीत पैशाच्या मानानं सर्वांत उपयोगी वस्तू हीच ठरली.

आता गंमत बघा. ही यादी घेऊन मी मामांच्या काळ्या सायकलपाशी गेले. पूर्ण मडगार्ड? आहेत. रुंद टायर? आहेत. चेनवर पाणी-माती जाऊ नये म्हणून बंद चेनकव्हर? तेही आहे. माझ्या नव्या सायकललासुद्धा ते नाही, म्हणून दर ओल्या राइडनंतर मी चेन पुसून ओल्या हवेतलं घट्ट तेल घालत बसते. म्हणजे जे मी ५०,००० रुपयांचं बजेट घेऊन शोधत होते, त्यातलं निम्मं मामांच्या पडवीत कधीचं उभं होतं!

‘पण ब्रेक?’ मी विचारलं.

मामा हसले. ‘पावसात ब्रेक नसायचाच. पाय टेकवायचा. आणि डायनामो ओल्या टायरवर घसरायचा, म्हणजे दिवाही नसायचा. म्हणून मी सावकाश जायचो.’ मग जरा थांबून, ‘दोनदा पडलो. तुझ्या मामीला एकच ठाऊक आहे.’

क्रोमच्या लोखंडी रिमवर ओल्यात ब्रेक जवळजवळ लागतच नाही, ही गोष्ट मी पुस्तकी भाषेत वाचली होती. ती अशी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

नवी सायकल घेऊन गेले ती कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला. ठिकाण कपिलधार. मांजरसुंब्याजवळ डोंगराच्या कुशीत मन्मथस्वामींची समाधी आहे, शेजारी धबधबा. पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्रातूनच नव्हे, तर कर्नाटक-तेलंगणातूनही दिंड्या येतात. लहानपणी मामांच्या कॅरिअरवर बसून मी तिथं गेले होते. या वेळी मामा गुडघ्यामुळे येणार नव्हते. ‘तू जाऊन ये, मी इथून बघतो,’ म्हणाले. इथून काय बघणार ते विचारलं नाही.

पहाटे निघाले. मागं लाल दिवा, पुढं पांढरा, अंगात चमकणारं जाकीट. पालीच्या पुढं थेंब सुरू झाले. बिंदुसरेचं पाणी राखाडी, पलीकडचे डोंगर अर्धे पुसलेले. मग मांजरसुंब्याचा घाट. बालाघाट काही सह्याद्रीसारखा अंगावर येत नाही, पण चढ दमवतो. सगळ्यात सोपा गिअर टाकून मी गोगलगाईसारखी वर जात होते. रस्त्याच्या कडेनं एक दिंडी चालली होती. पताका प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या, बायकांच्या डोक्यावर खताच्या पोत्याच्या खोळी. एक म्हातारबाबा ओरडले, ‘उतर की पोरी, चालत लवकर पोचशील!’ आणि खरोखरच काही अंतर ते माझ्या पुढं होते.

धबधबा त्या दिवशी वाहत होता. भिजलेल्या दगडांवरून उतरून मी हात-तोंड धुतलं, दर्शन घेतलं, गरम भजी खाल्ली. तुम्ही गेलात तर यात्रेच्या ऐन दिवशी सायकल न्यायच्या भानगडीत पडू नका, आदल्या आठवड्यात जा. आणि परतीचा घाट अंधारात ठेवू नका.

उतारावर, एका वळणानंतर, पुन्हा ट्रॉली. या वेळी दिवसाउजेडी. रिकामी, उभी, चाकाखाली दगड लावलेला. मी ब्रेक दाबले. सायकल थांबली. ट्रॉलीच्या बऱ्याच अलीकडे, सरळ, न घसरता. मला उगाचच हसू आलं आणि पाय थोडे लटपटले. सायकलच्या दांड्यांवर चिकटवून उरलेली लाल चमकपट्टी माझ्या पिशवीत होती. ड्रायव्हर टायरशी खटपट करत होता. त्याला विचारून ती ट्रॉलीच्या मागच्या फळीवर दोन्ही टोकांना लावली. ‘ऊस भरला की झाकंल ताई,’ तो म्हणाला. मग फळीच्या खाली, चाकाच्या वरच्या पत्र्यावर त्यानंच जागा दाखवली. तिथं लावली.

घरी पोचले तेव्हा मामा ओट्यावर जुन्या धोतराचं फडकं घेऊन बसले होते. सायकल उलटी करून त्यांनी चेन पुसायला घेतली. मडगार्डच्या आतून काळ्या मातीचा एक लगदा निघाला, तो त्यांनी तुळशीच्या कुंडीत टाकला.

‘पट्टी उरली का गं?’ त्यांनी विचारलं.

बोटभर उरली होती. ती त्यांच्या काळ्या सायकलच्या मागच्या मडगार्डवर बरोबर बसली.