इमारत राहते, ताई जाते

२०२० च्या उन्हाळ्यात आमच्या संस्थेची नवी मुंबईतली तीन युवा केंद्रं एकदम अडचणीत आली. एक तुर्भे स्टोअरला, एक रबाळ्याच्या एमआयडीसीकडच्या वस्तीत आणि तिसरं कोपरखैरण्यात. २३ मार्चला केंद्र सरकारने करोनावरचा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक दायित्वात, धरला जाईल, असं स्पष्ट केलं आणि आम्हाला मदत करणाऱ्या कंपनीने निधी तिकडे वळवला. ४ मे रोजी राज्याच्या वित्त विभागाने त्या वर्षीचा विकासखर्च ३३ टक्क्यांवर आणला. ज्या योजनेतून केंद्रं चालवणाऱ्या आमच्या ताया-दादांना मानधन मिळायचं, तीही थांबली. साथीच्या काळात पैसा आधी दवाखान्यांकडे जायला हवा, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. पण ती साथ ओसरल्यावरही आमच्याकडे पूर्वीच्या निम्म्याहून कमी पैसे होते. तेवढ्यात काय ठेवायचं, काय सोडायचं, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं.

केंद्र म्हणजे फार मोठं काही नव्हतं. सतरंजी, ट्यूबलाइट, पुस्तकांचं कपाट, दोन-तीन संगणक, एक कॅरम. पण ज्या घरात सहा माणसं एका खोलीत राहतात, तिथल्या बारावीच्या मुलीसाठी ती शहरातली एकमेव शांत जागा असते. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं सकाळी मैदानात १६०० मीटर धावायची, मुली ८०० मीटर, आणि संध्याकाळी लेखी परीक्षेसाठी हीच मंडळी आमच्याकडे बसायची. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणं, जात वैधता प्रमाणपत्रासाठी आजोबांच्या शाळेचा दाखला गावाहून मागवणं, ही कामं वर्षभर चालायची. कागद अडला की शिक्षण अडतं, हे मी तिथेच पाहिलं.

पहिला प्रस्ताव सरळ होता: तिन्ही केंद्रं मिळून एक करा आणि ते कोपरखैरण्याला ठेवा. तिथला हॉल मोठा होता, हजेरी सर्वांत चांगली होती. कागदावर हे बिनचूक दिसत होतं. पण नवी मुंबईचा नकाशा पायी चालून बघावा लागतो. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आणि रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला सिडकोने आखलेली उपनगरं आहेत. तिथे सेक्टरनिहाय शाळा, बाग, मैदान आणि सामाजिक सुविधांसाठी भूखंड आधीच राखून ठेवले गेले. पूर्वेला एमआयडीसीचा पट्टा आणि त्याच्या कडेने कामगारांनी स्वतः उभ्या केलेल्या वस्त्या. त्या आराखड्यात नव्हत्याच, त्यामुळे त्यांच्या वाट्याला राखीव भूखंडही नव्हते. कोपरखैरण्यातलं केंद्र बंद झालं तर मुलाला दुसरी अभ्यासिका शोधता येते. तुर्भे स्टोअरचं बंद झालं तर तिथे दुसरं काही नव्हतं.

म्हणून मी हजेरीपट बाजूला ठेवला आणि घरोघर जाऊन एकच गोष्ट विचारली: केंद्र हलवलं तर कोण यायचं थांबेल? उत्तरं ऐकून माझा प्राधान्यक्रम बदलला. रबाळ्याच्या मुलींच्या आयांनी साफ सांगितलं, "ताई, इथे गल्लीत आहे म्हणून पाठवते. अंधार पडल्यावर हायवे ओलांडून नाही पाठवणार." तुर्भ्याचा एक मुलगा एपीएमसीच्या भाजीपाला मार्केटमध्ये रात्री माल उतरवायचा, सकाळी घरी येऊन झोपायचा आणि दुपारी चार ते सहा एवढाच वेळ त्याच्या हाती असायचा. रिक्षाने जाण्यायेण्याचे पैसे आणि तास त्यातून गेले असते तर अभ्यासाला काय उरलं असतं? अशी मुलं तक्रार करत नाहीत. ती फक्त यायची बंद होतात आणि हजेरीच्या सरासरीत त्यांची नावं सापडत नाहीत.

आम्ही कोपरखैरण्याचा भाड्याचा हॉल सोडला आणि वस्तीतल्या दोन छोट्या खोल्या ठेवल्या. संगणक वाटून दिले. वेळ कमी केली, पण ती मुलांना विचारून: तुर्भ्याला दुपारी, रबाळ्याला संध्याकाळी दिवे लागायच्या आत. दोन्ही ठिकाणच्या तायांचं मानधन कमी करायचं नाही, ही माझी अट होती आणि त्यासाठी मी बैठकीत भांडले. बैठकीत कुणीतरी म्हणालं, स्वयंसेवकांवर चालवू. स्वयंसेवक परीक्षा आल्या, नोकरी लागली की जातो, आणि त्याने जायलाच हवं. पण घरात लग्नाची बोलणी सुरू झालेली सतरा वर्षांची मुलगी दर महिन्याला बदलणाऱ्या माणसाशी बोलत नाही. जिला ती तीन वर्षं ओळखते, त्या ताईला सांगते. रबाळ्यात अशी एक मुलगी बोलली, ताई तिच्या घरी जाऊन बसली, आणि लग्न थांबलं. ती मुलगी पुढे कॉलेजला गेली.

या फेररचनेची किंमत कोपरखैरण्याच्या मुलांनी मोजली. ती रागावली आणि त्यांचा राग रास्त होता. काहींनी दुसऱ्या अभ्यासिकांत जागा मिळवली, काही अभ्यासापासूनच तुटली. कपातीत सगळ्यांचं भलं होतं, असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. कोणाचं नुकसान आपण पत्करतो आहोत, एवढं मात्र उघडपणे ठरवता येतं.

त्या काळात मी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ वाचला. पाणी, मलनिःसारण, दिवाबत्ती, प्राथमिक शिक्षण ही कलम ६३ खालची आवश्यक कर्तव्यं आहेत. वाचनालयं कलम ६६ मध्ये, म्हणजे महापालिकेच्या इच्छेवर. तरुणांसाठीची केंद्रं आवश्यक कर्तव्यांत कुठेच नाहीत. जे ऐच्छिक आहे, त्यालाच कात्री आधी लागते. इंग्लंडमध्येही हेच घडलं. वायएमसीएने २०२० मध्ये दाखवून दिलं की, इंग्लंड आणि वेल्समधल्या स्थानिक संस्थांचा युवा सेवांवरचा खर्च दशकाच्या आत सुमारे ७० टक्क्यांनी घटला. आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण होती. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, निवडणूक कित्येक वर्षं लांबली, आणि वस्तीचा प्रश्न सभागृहात मांडायला नगरसेवकच नव्हते.

या अनुभवातून माझी एक मागणी तयार झाली आहे आणि ती मी प्रत्येक ठिकाणी मांडते. अर्थसंकल्पात समाजमंदिराच्या दुरुस्तीचा आणि रंगरंगोटीचा आकडा असतो. तसाच तिथे रोज बसणाऱ्या ताईच्या पगाराचा स्वतंत्र आकडा असावा. कोणतंही केंद्र हलवण्याआधी वस्तीत जाऊन, यामुळे कोण यायचं थांबेल, हे विचारणं बंधनकारक असावं. पैसा कमी असेल तर खोली लहान चालेल, पंखा जुना चालेल, वेळ दोन तास चालेल. पण त्या दोन तासांत मुलांना नावानिशी ओळखणारं माणूस तिथे हवं, आणि त्याला वेळेवर पगार मिळायला हवा.