नक्की?

तिसरीत असताना बाईंनी मला उभं केलं आणि विचारलं, "सात आठे?" मी म्हटलं, "छप्पन्न." बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नक्की?" मी लगेच म्हटलं, "चोपन्न." वर्ग हसला, पट्टी बसली, मी खाली बसले. पाढा मला झोपेतून उठवून विचारला असता तरी आला असता. घरी रोज दिवेलागणीला परवचा व्हायचा, त्यात सुटका नव्हती. मग मी दोनाने का घसरले?

मैत्रिणीला आपण विचारतो, "उद्या येतेयस ना? नक्की?", तो खरा प्रश्न असतो. मुलाला विचारलेलं "नक्की?" हा प्रश्न नसतोच. "चुकलंस, पण काय चुकलं ते मी सांगणार नाही," असा त्याचा अर्थ. आणि तो अर्थ मुलांना फार लवकर कळतो, पाढ्यांच्या कितीतरी आधी.

गेल्या मे महिन्यात ताई आणि तिची मुलगी आमच्याकडे राहायला होत्या. भाची पाच वर्षांची. दुपारी कोकम सरबत केलं होतं आणि माझ्यातली जुनी बी.एड.वाली जागी झाली. काचेचे दोन सारखे ग्लास घेतले, दोन्हींत सारखं सरबत ओतलं. "दोन्हींत सारखंच आहे का गं?" तिने वाकून, ओट्याला हनुवटी टेकवून पाहिलं. "हो." मग त्यातल्या एका ग्लासातलं सगळं सरबत तिच्यासमोर एका उभट, अरुंद ग्लासात ओतलं. "आता?" तिने उभट ग्लासाकडे बोट केलं. "यात जास्त." पुस्तकात लिहिल्याप्रमाणे बरोब्बर. ताईला मात्र राहवलं नाही. "अगं, नीट बघ. नक्की?" तेव्हा एक गोष्ट दिसली, जी बी.एड.ला कुणी दाखवली नव्हती. भाचीने ग्लासांकडे पाहिलंच नाही. तिने आधी ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या, आणि हळूच बोट दुसऱ्या ग्लासाकडे नेलं.

हा प्रयोग जाँ पियाजे यांचा. स्वित्झर्लंडमधल्या नूशातेलचे, जन्म १८९६चा. तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या तपासण्याचं कंटाळवाणं काम त्यांच्याकडे आलं. मुलांच्या बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांत त्यांना जास्त रस वाटू लागला, आणि त्यातून आयुष्यभराचं काम उभं राहिलं. स्वतःच्या तिन्ही लेकरांना त्यांनी तासन् तास नुसतं पाहिलं आणि टिपून ठेवलं. एवढं निवांत पाहणारा बाप मला तरी दुसरा माहीत नाही. त्यांचं म्हणणं असं की साधारण सात वर्षांपर्यंत मुलाला हे उमगत नाही, की भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं. कित्येक डी.एड., बी.एड.च्या पिढ्यांनी हे पाठ करून परीक्षेत लिहिलं. मीही लिहिलं.

पण त्या प्रयोगात एकच प्रश्न दोनदा विचारला जातो. ओतण्याआधी एकदा, ओतल्यावर एकदा. १९७४ साली सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी एवढंच केलं, की पाण्याऐवजी सोंगट्यांच्या ओळी मांडून पहिला प्रश्न गाळला आणि बदल केल्यानंतर एकदाच विचारलं. मुलं कमी चुकली. मोठं माणूस तेच पुन्हा विचारतंय म्हणजे आपलं आधीचं उत्तर त्याला पटलेलं नाही, असा हिशेब मुलं करत होती. हिशेब चोख होता, फक्त सोंगट्यांचा नव्हता.

त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनल्डसन यांनी आणखी गंमत केली. सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या. मग एका खोक्यातून द्वाड टेडी अस्वल बाहेर यायचं आणि एक ओळ विस्कटून टाकायचं. मोठ्या माणसाने मुद्दाम ओळ हलवली की मुलांना वाटतं, यात काहीतरी खोच आहे. अस्वलाने धुडगूस घातला की खोच उरत नाही, तपासण्यापुरतं पुन्हा विचारणं रास्तच. चार ते सहा वर्षांच्या कितीतरी जास्त मुलांनी "सारख्याच आहेत" असं बरोबर सांगितलं. इथेच थांबलं तर गोष्ट फार गोड होते. पुढे दुसऱ्या संशोधकांनी अस्वलाच्या गोंधळात सोंगट्यांची संख्या खरोखरच बदलून पाहिली, तर मुलं तेव्हाही "सारख्याच" म्हणू लागली. म्हणजे अस्वलाच्या नादात काहींचं सोंगट्यांकडे लक्षच नव्हतं. तरी पियाजेंकडे पूर्वीसारखं डोळे मिटून परत जाता येत नाही, ते नाहीच.

मला सगळ्यात आवडतो तो ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला अभ्यास, १९८५ साली छापून आलेला. टेरेझिन्हा काराएर आणि त्यांचे सहकारी बाजारात नारळ, फळं विकणाऱ्या मुलांकडे गिऱ्हाईक बनून गेले. मुलं होती पाचच, नऊ ते पंधरा वर्षांची. बारा वर्षांच्या एका पोराला विचारलं, चार नारळांचे किती? एक नारळ पस्तीसला. पोरगा म्हणाला, तीन नारळांचे एकशेपाच, त्यात तीस, एकशेपस्तीस... एकशेचाळीस. नंतर त्यालाच शाळेसारखं बसवून पस्तीस गुणिले चार करायला दिलं. चार पंचे वीस, हातचे दोन. दोन आणि तीन पाच. पाच चोक वीस. उत्तर दोनशे! बाजारात या मुलांची शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर होती, शाळेच्या पद्धतीने दिलेल्या नुसत्या आकड्यांच्या हिशेबात सदतीसच्या आसपास.

हे वाचून लोक म्हणतात, व्यवहारातलं गणित सोपं. असेलही. मला मात्र दोन विचारणारे दिसतात. गिऱ्हाइकाला खरंच किती द्यायचे ते कळून घ्यायचं असतं, निदान पोराला तसं वाटतं. परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असतं. नारळवाल्या पोराला गिऱ्हाइकाचा चेहरा वाचायची गरज नव्हती, कारण त्या चेहऱ्यावर उत्तर लिहिलेलंच नव्हतं.

आपण घरात मुलांना दिवसभर काय विचारतो ते एकदा ऐकावं. हा कुठला रंग? काऊ कसा ओरडतो? काकांना दाखव बरं नाक कुठेय. पाहुणे आले की तोंडी परीक्षाच. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी वर्गांमधली ध्वनिमुद्रणं घेऊन ऐकली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात असं निघालं. तीन सेकंद थांबायला शिकवलं तर मुलांची उत्तरं लांबली, आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. आमच्या बाईही थांबल्या होत्या म्हणा. पण ते थांबणं भुवया उंचावून होतं.

सरबत अखेर भाचीनेच प्यायलं, उभट ग्लासातलं. संध्याकाळी मी चष्म्यासाठी घर पालथं घातलं. ताईला विचारलं, तिला माहीत नव्हतं. भाची खिडकीत बसून बाहुलीचे केस विंचरत होती. तिला विचारलं, "माझा चष्मा पाहिलास का गं कुठे?"

"फ्रीजवर."

"नक्की?" सवयीने गेलंच तोंडातून.

तिने मानही वर केली नाही. "जाऊन बघ ना, मावशी."

चष्मा फ्रीजवरच होता.