वाळलेला आणि मुरलेला

‘वाळणे’, ‘सुकणे’ आणि ‘मुरणे’ ही क्रियापदे आपण रोज वापरतो. त्यांतील भेद मात्र क्वचितच तपासून पाहतो. धुणे वाळते, जखम सुकते, लोणचे मुरते. पहिल्या दोहोंत ओल निघून जाते आणि ते आपल्याला दिसते. मुरण्याची क्रिया आतल्या आत चालते, बाहेरून तिचा पत्ता लागत नाही. मोटारीला दिलेला नवा रंग संध्याकाळपर्यंत वाळतो. मुरायला त्याला महिना लागतो. गाडी चकचकीत होऊन दारात उभी राहिली, की नेमका हाच भेद आपण विसरतो.

कारखान्यात रंग दिला जातो तो उघड्या सांगाड्याला. त्यात ना आसने, ना तारा, ना रबर. म्हणून तो सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजून काढता येतो. रस्त्यावर धावलेली गाडी एवढी तापवता येत नाही. सुसज्ज गॅरेजमधील बंदिस्त खोलीत ६० अंशांच्या आसपास उष्णता देतात; आपल्या शहरातील कितीतरी छोट्या गॅरेजांत तीही सोय नसते, तेथे ऊन आणि वारा हीच भट्टी. रंगात मिसळलेला हार्डनर पुढे कित्येक दिवस आपले काम करीत राहतो आणि आत अडकलेले थिनर हळूहळू बाहेर पडते. घाईने मेण किंवा पॉलिश चढवले, तर त्याची वाट अडते. मग रंग मऊ राहतो, चमक मालवते, कधी बारीक फोड येतात.

माया करणाऱ्या हातानेच पृष्ठभाग झाकून टाकावा, याचे फार मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांसाठी निजामाच्या राजवटीने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणवले. लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओरसिनी यांनी सुटू लागलेले पापुद्रे भिंतीशी पुन्हा जखडले. त्या कामाचे मोल कमी लेखू नये. परंतु चित्रांवर लाखेचे रोगणही चढले. काळाच्या ओघात ते पिवळे, काळपट पडले आणि ते उतरवण्याचे अतिशय नाजूक काम पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या वाट्याला आले. ती चित्रे सुमारे दीड हजार वर्षांची, मोटारीचा रंग चार दिवसांचा. तुलना ताणण्यात अर्थ नाही. तरी लेणी पाहायला जाल तेव्हा हे रोगण आठवावे.

‘रोगण’ हा शब्द फारसीतून आला, ‘झिलई’ आणि ‘कल्हई’ अरबीतून. आपले रंगारी गाडीच्या रंगाला अजूनही ‘ड्यूको’ म्हणतात. ते एका अमेरिकी कंपनीच्या, १९२० च्या दशकातील लॅकरचे व्यापारनाम. तो रंग केव्हाच मागे पडला, नाव मात्र पक्के बसले.

माझ्या वडिलांची जुनी मारुती ८०० आम्ही जानेवारीत पूर्ण रंगवून घेतली. काचबिंदूने त्यांची दृष्टी बरीच गेली आहे, त्यामुळे ते ती आता चालवत नाहीत. पण रोज सकाळी अंगणात जाऊन कोरड्या फडक्याने गाडी पुसायची, हा त्यांचा पंचवीस वर्षांचा नेम. पुसताना हाताला लागेल तेवढीच गाडी त्यांना आता दिसते. रंगारी उस्तादांनी बजावले, “अभी कच्चा है, साहब. महिनाभर हात लावू नका.” त्यांचे खरेच होते. आपल्या भागातील धुळीवरून कोरडे फडके फिरवणे म्हणजे कच्च्या रंगावर पॉलिशपेपर घासणे. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला एक महिना थांबा म्हणणे मला सोपे गेले नाही. त्यांनी फक्त विचारले, “म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत?”

पहिला आठवडा गाडी नुसती सावलीत उभी होती, वर कव्हरही नाही. कव्हर घासते आणि वाफ कोंडते. निंबाखाली उभी करायची नाही, कारण पाखरांची विष्ठा कच्च्या रंगात उतरते. ती पडलीच, तर ओल्या कापडाने भिजवून अलगद उचलायची, खरवडायची नाही. दुसऱ्या आठवड्यापासून पाण्याला परवानगी मिळाली: थंड, साधे, ऊन उतरल्यावर. बोअरचे पाणी नको, त्यातील क्षारांचे पांढरे डाग राहतात. वडील नळाच्या पाण्याची बादली शेजारी घेऊन मगाने टपावर पाणी सोडत आणि ते कुठून कुठे ओघळते, हे कान देऊन ऐकत. मऊ कापडाने टिपण्याचे काम माझ्याकडे होते.

ठरलेल्या तारखेला मी मेणाचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी टपावरून पालथा हात फिरवला, बोटे नाकाशी नेऊन वास घेतला.

“अजून पंधरा दिवस राहू दे,” ते म्हणाले. “ऊन तापायच्या आत लावू.”